लाठीचे बटण कोणाच्या हातात? मे १९३० च्या सोलापूरवरच्या एका गेमचे प्रकरण

सोलापुरातले अभियांत्रिकीचे चार विद्यार्थी आणि इतिहासात एम. ए. करणारी त्यांची एक मैत्रीण अशा पाच जणांनी १९३० च्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी अंमलावर, एक छोटा गेम करायला घेतला. मोबाईलवर चालेल, अर्ध्या तासात संपेल आणि मराठीत असेल, एवढीच अपेक्षा. गोडो हे फुकट मिळणारे इंजिन, चित्रांसाठी ब्लेंडर, त्यामुळे पैशाचा प्रश्न फारसा नव्हता. माझ्याकडे ते पटकथा घेऊन आले. "सर, इतिहासाच्या चुका तेवढ्या काढून द्या, बाकी आम्ही बघतो." चुका निघाल्या. पण ज्या चुकांची त्यांना धास्ती होती, म्हणजे कपडे, इमारती, तारखा, त्या दोन बैठकांत आटोपण्यासारख्या होत्या. गेम अडला तो दुसऱ्याच ठिकाणी. मुलांची नावे त्यांच्याच सांगण्यावरून इथे देत नाही.

आधी घटना थोडक्यात. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूरच्या गिरण्यांतले कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह झाला. पोलिसांनी काहींना धरले, जमाव आडवा आला, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात मारला गेला. खवळलेल्या लोकांनी मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, तिथे पोलीस मारले गेले. कोर्टालाही आग लावली गेली. ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस शहरात इंग्रजांचा अंमल नावापुरता उरला आणि बंदोबस्त काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळला. १२ मे रोजी लष्कराने मार्शल लॉ पुकारला, व्हाइसरॉयचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांनी आला. ३० जूनपर्यंत ती राजवट चालली. चौकीतल्या खुनांबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर खटला झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली. सोलापूरकर रोज चार पुतळ्यांपाशी रिक्षा थांबवतात ते हे चौघे.

पहिला आराखडा याच चौघांवर बेतलेला होता. सुरुवातीला चार चेहरे, त्यातला एक निवडायचा. प्रत्येकाची एक खास ताकद: एकाची लाठी, एकाचे भाषण, एकाचा वेग, एकाची हेरगिरी. पोलिसाला पाडले की गुण, चौकी पेटली की पुढची लेव्हल. मुलांच्या मनात वाईट काहीच नव्हते. गेम म्हटले की हा साचा आपोआप हातात येतो. आणि लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान अशा चौघांना एका पडद्यावर आणण्याचा त्यांना खरोखरच अभिमान होता. एकाच्या आजोबांनी हा आराखडा चाळला आणि एवढेच विचारले, "गुण कशाचे देताय रे? माणूस मारल्याचे?" नातू गप्प बसला.

मला त्या प्रश्नापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकली. चौघांवर आरोप होता तो नेमका चौकीतल्या खुनांचा. हा आरोप खोटा होता, खटला सूड म्हणून चालवला गेला, असे सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. धनशेट्टींनी त्याच दिवशी जमावाला शांत करण्याची खटपट केली असेही सांगितले जाते. आता ज्या गेममध्ये खेळणारा धनशेट्टी होऊन मंगळवार पेठेच्या चौकीत शिरतो आणि लाठीचे बटण दाबतो, तो गेम काय सांगतो? सरकारी पक्षाचे म्हणणे खरे होते, हेच. हुतात्म्यांच्या गौरवासाठी काढलेल्या गेमने त्यांना दुसऱ्यांदा दोषी ठरवले असते, तेही दर खेळाडूमागे एकदा.

हे मी बोलून दाखवल्यावर बैठकीत बराच वेळ शांतता होती. मग कोडिंग करणाऱ्याने सरळ उपाय सुचवला: चौघांना चौकीपासून लांब ठेवू, दुसऱ्याच चौकात. पण ही झाली निर्दोष मुक्तता, आणि तिलाही पुरावा लागतो. पुस्तकात लिहिणारा "असे म्हणतात", "आरोप होता", "साक्षीत आले" असे शब्द घालून वाक्य मोकळे ठेवू शकतो. गेममध्ये ती सोय नाही. माणूस एक तर तिथे उभा असतो किंवा नसतो, हात एक तर उगारतो किंवा उगारत नाही. कपडे शंभर टक्के बरोबर असले तरी हा प्रश्न सुटत नाही.

तरी कपड्यांचेही सांगतो, कारण त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. मुलांनी झेंडा काढला होता केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा. तिरंग्याच्या पट्ट्यांचा हा क्रम काँग्रेसने ठरवला ऑगस्ट १९३१ मध्ये, म्हणजे चौघे फासावर गेल्यावर सात महिन्यांनी. अशोकचक्र तर २२ जुलै १९४७ चे. मे १९३० मध्ये लोकांच्या हातात होता तो जुना झेंडा: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि त्यावर पसरलेला चरखा. मार्शल लॉमध्ये राष्ट्रध्वज घेऊन फिरणे हाच गुन्हा होता, त्यामुळे या गोष्टीत झेंडा ही शोभेची वस्तू नाही. तो बरोबर असायलाच हवा होता.

झेंडा बदलला आणि होस्टेलवर खेळून पाहणाऱ्या मित्रांनी तक्रार केली: झेंडा चुकलाय. खरी वस्तू पाहणाऱ्याला खोटी वाटते, हा जुन्या काळावरच्या गेमचा नेहमीचा पेच आहे. युबिसॉफ्टच्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी' (२०१४) मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातले पॅरिस आहे आणि त्यात नोत्र-दाम या चर्चवर उंच मनोरा आहे. तो मनोरा एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्यूक या वास्तुकाराने बसवलेला. त्याआधीचा जुना मनोरा क्रांतीच्या सुमारास उतरवला गेला होता. पण मनोऱ्याशिवाय नोत्र-दाम लोकांना ओळखू येणार नाही म्हणून तो ठेवला गेला. तेवढ्या मोठ्या कंपनीने लोकांच्या डोळ्यांपुढे मान तुकवली, तर पाच पोरांनी तुकवली असती तरी कोणी बोलले नसते. त्यांनी तुकवली नाही. एम. ए. वाल्या मुलीने झेंडा खेळणाऱ्यालाच शिवायला लावला. खादीच्या तीन पट्ट्या समोर येतात, कुठली कुठे लावायची ते गेममधली एक म्हातारी सांगते, टाके बोटाने घालायचे. लाल पट्टी स्वतः खाली जोडल्यावर "झेंडा चुकलाय" असे पुन्हा कोणी म्हणाले नाही. खाली टीप लिहून जे साधले नसते ते हाताने साधले. पूर्ण गेममधला सर्वांत चांगला भाग माझ्या मते हाच.

इंद्रभुवनाचे असेच. सोलापूर नगरपालिकेवर १९३० मध्ये राष्ट्रध्वज फडकला, म्हणून मुलांनी तो इंद्रभुवनाच्या घुमटावर फडकवला. आज महापालिका तिथे आहे. पण तेव्हा ती वारद घराण्याची खासगी वास्तू होती, पालिका तिथे पुष्कळ नंतर आली. चित्र फार देखणे जमले होते, काढून टाकताना पोराचा जीव तुटला. पण चित्र गेले.

भाषेचे मात्र कोणाच्या लक्षातच आले नव्हते. पाचही जण अस्सल सोलापूरचे. आपसात "काय करलालास बे" असे बोलणारे. पण पात्रांच्या तोंडी सगळी पाठ्यपुस्तकी मराठी, जणू १९३० मध्ये अख्खे सोलापूर सदाशिव पेठेत राहायला गेले होते. ऐतिहासिक म्हटले की लोक शुद्ध बोलू लागतात, हा टीव्हीवरच्या मालिकांचा प्रसाद. शिवाय या शहरात तेव्हाही मराठीइतकीच तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानावर पडत असणार. गिरणीच्या दारातली गर्दी एकाच भाषेत ओरडत नाही. हे दुरुस्त करायला पैसे लागले नाहीत. एकाच्या आजीने तेलुगूतली वाक्ये मोबाईलवर बोलून दिली, आणि पहिल्याच खेपेला इतकी रागावून बोलली की तेच ठेवले.

आता गर्दीचा प्रश्न, जो मला आधी निव्वळ तांत्रिक वाटला होता. 'युनिटी'ची जाहिरात झाली तीच मुळी पडद्यावर दिसणाऱ्या हजारो माणसांच्या गर्दीवर. साध्या मोबाईलवर मुलांना एका वेळी तीसेक माणसे हलवता येत होती, त्याहून जास्त झाली की फोन तापायचा. आठ मेचा प्रसंग त्या तीस माणसांत बसवला तेव्हा पडद्यावर जे दिसले ते आंदोलन नव्हते. काठ्या घेतलेली तीस माणसे एका चौकीवर धावून जातात, हे चित्र गुंडांच्या टोळीचे आहे. गिरण्यांतून बाहेर पडलेल्या हजारोंच्या लोंढ्याचे ते नाही. एकही कपडा चुकीचा नसताना प्रसंगाचा अर्थ उलटला, तोही केवळ फोनच्या ताकदीमुळे. इतिहासाच्या अचूकतेवर बोलताना लोक तलवारीच्या मुठीपर्यंत जातात, पण पडद्यावर किती माणसे मावतात याकडे फारसे कोणी बघत नाही.

गर्दी आणि चौकी, दोन्ही गाठी एकाच निर्णयाने सुटल्या. चौघांपैकी कोणीही खेळाडूच्या हातात द्यायचा नाही. खेळणारा होतो एक काल्पनिक मुलगी, सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकराची, वय तेरा. घरात हातमाग, बाप लुगडी विणतो, ही मागासाठी सुताच्या कांड्या भरते. मेचा उकाडा, रात्री सगळे माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, झोपायला. आठ तारखेला तिला घराबाहेर सोडत नाहीत. ती माळवदावरून धूर बघते, आरडाओरडा ऐकते, गोळीचा आवाज ऐकते. गर्दी दिसत नाही, ऐकू येते, आणि आवाजात हजारो माणसे बसवायला फोन तापत नाही.

चौकीत काय झाले ते तिला दुसऱ्या दिवशी कळते. कळते म्हणजे चार वेगवेगळ्या माणसांकडून चार तऱ्हांनी. शेजारचा गिरणी कामगार एक सांगतो, पाणी भरायला आलेली बाई दुसरेच, चौकीजवळचा दुकानदार विचारल्यावर दार लावून घेतो, आणि एक पोरगा आपण स्वतः तिथे होतो अशी फुशारकी मारतो. या रचनेला आधार होता चेक लोकांच्या 'अटेंटाट १९४२' या गेमचा. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या संशोधनातून तो उभा राहिला. हायड्रिख या नाझी अधिकाऱ्याच्या हत्येनंतर गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, आपल्या आजोबांना का पकडले, हे नातवंड म्हाताऱ्या साक्षीदारांना विचारत फिरते. तिथे लढाई नाही, विचारपूस आहे. आपल्या मुलांनी तो खेळला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला, कारण बंदुकीशिवाय गेम होतो यावर तोवर त्यांचाच विश्वास नव्हता.

इथेही सवयीने पाय अडकलाच. कोडिंगवाल्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी ठेवली: जितक्या हकिकती गोळा कराल तितकी ती भरेल, पूर्ण भरली की "सत्य" उघडेल. मी म्हटले, उघडल्यावर त्यात काय लिहिणार आहेस? त्याच्याकडे उत्तर नव्हते, पट्टी गेली. आता हकिकती मुलीच्या वहीत नुसत्या जमतात. पुढे खटल्याची बातमी येते तेव्हा वही उघडून पुन्हा वाचता येते, पण कुठल्याही हकिकतीपुढे बरोबरची खूण येत नाही.

काल्पनिक पात्राचा एक धोका मात्र मी मुद्दाम दाखवला. 'बॅटलफील्ड ५' (२०१८) मध्ये नॉर्वेतल्या जड पाण्याच्या (अणुसंशोधनात लागणाऱ्या पाण्याच्या) कारखान्यावरच्या हल्ल्याचा प्रसंग आहे. प्रत्यक्षात १९४३ मध्ये नॉर्वेजियन कमांडोंनी केलेली ती कामगिरी गेमने एका काल्पनिक मुलीच्या खात्यावर टाकली आणि त्यावर नाराजी उमटली. आपली मुलगीही चुकून कोणाचे श्रेय घेत नाही ना, हे पटकथेत ओळीओळीने तपासले. एका दृश्यात ती कुर्बान हुसेन यांना सभेच्या भाषणासाठी मुद्दा सुचवत होती. ते गिरणी कामगारांत वावरणारे, 'गझनफर' हे वृत्तपत्र चालवणारे. तेरा वर्षांच्या पोरीने त्यांना भाषण शिकवायची गरज नव्हती. दृश्य आता एवढेच आहे की ती सभेत बसते आणि उर्दूतले अर्धेच समजते.

सर्वांत जास्त वाद झाला तो तीन दिवसांवर. ९ ते ११ मे हा सोलापूरच्या अभिमानाचा ठेवा. पण गेम म्हणून पाहिले तर या तीन दिवसांत फारसे काही घडत नाही. पोलीस निघून गेलेले, स्वयंसेवक पहारा देतात, चौकात उभे राहून वाहतूक सांभाळतात, शहर चालू राहते. खेळून पाहणारे जांभया देऊ लागले. तेव्हा चित्रे काढणाऱ्याने रात्रीत एक नवा भाग लिहून आणला: पोलीस नाहीत म्हणून चोर पेठेत शिरतात, सावकाराचे दुकान फोडतात, मुलगी शिट्टी वाजवून स्वयंसेवकांना बोलावते, पाठलाग होतो. खेळायला झकास होता. मी त्याला ठाम विरोध केला. इंग्रज अंमल गेला की शहर लुटारूंच्या हाती जाते, हाच मार्शल लॉच्या समर्थनाचा गाभा होता. मनोरंजनासाठी घातलेल्या चोरांनी तो युक्तिवाद आयता उचलला असता. शोधलेले पात्र निरुपद्रवी असेलच असे नाही, त्याला चालवायला पटकथेने कोणते जग गृहीत धरले आहे ते बघावे लागते.

पण कंटाळ्याची तक्रारही खरी होती, आणि "इतिहास आहे, सहन करा" असे खेळणाऱ्याला सांगता येत नाही. चोरांच्या जागी त्यांनी चौक आणला. चार रस्त्यांनी बैलगाड्या, टांगे, सायकली, डोक्यावर सुताची गाठोडी घेतलेल्या बाया येतात. स्वयंसेवक जेवायला गेलेला असतो आणि मुलीला हात दाखवून सगळ्यांना वाट करून द्यायची असते. चुकले की चाकात चाक अडकते आणि चार भाषांत शिव्या मिळतात. हा भाग लोक दोनदा-तीनदा खेळतात. शहर आपले आपण चालवणे अवघड असते आणि तरी ते चालते, हे कुठेही न लिहिता बोटाला कळते.

मग फाशी. खेळून पाहणाऱ्या जवळपास प्रत्येकाने एकच विचारले: त्यांना वाचवता येत नाही का? वहीतली एखादी हकिकत कोर्टात नेली तर? मागणी चुकीची नाही. 'एम्पायर: टोटल वॉर' (२००९) मध्ये १७०० सालचे मराठे घेऊन खेळणारा पुढे इतिहासात जे कधी घडले नाही ते करतो, आणि त्यात कोणाची फसवणूक होत नाही, कारण नकाशावरच्या त्या खेळाचा करारच "असे झाले असते तर" हा आहे. इथे करार वेगळा आहे. चौघांना वाचवणारा शेवट ठेवला तर ज्याला तो सापडला नाही त्याला वाटेल की आपल्या ढिलाईमुळे ते गेले. जबाबदारी वसाहती कोर्टावरून उचलून आठवीतल्या पोराच्या अंगावर टाकायची, हे मला मुळीच मान्य नाही. सध्या शेवट असा आहे की ३० जूनला मार्शल लॉ उठतो, माग पुन्हा सुरू होतो, कांड्या भरता भरता महिने सरतात आणि १२ जानेवारीला बापाच्या तोंडून येरवड्याची बातमी येते. त्या वेळी पडद्यावर एकही बटण नसते. कोडिंगवाल्याचे म्हणणे, बटण काढून घेतले तर तो गेम कसला, व्हिडिओच दाखवा की. त्याच्या म्हणण्यात दम आहे. शेवटी त्याने बापाचे बोलणे चालू असताना कांडी भरण्याची हालचाल खेळाडूच्या हातात ठेवली. थांबायचे की भरत राहायचे, एवढेच हातात. त्याचे त्याला पूर्ण समाधान नाही, मलाही नाही.

काय खरे, काय रचलेले, हे सांगणारे एक पान मुख्य यादीत आहे. कल्पना 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स'च्या २०१८ मध्ये आलेल्या अभ्यास-सफरीवरून, म्हणजे लढाईशिवाय नुसते हिंडून बघायच्या आवृत्तीवरून, घेतली. प्राचीन इजिप्तच्या शाळेत मुलगे-मुली एकत्र बसलेले दाखवून तिथे निर्मात्यांनीच नोंद केली आहे की प्रत्यक्षात असे नव्हते, आम्ही जाणूनबुजून केले. आपल्या मुलांच्या पानावर मुलगी काल्पनिक, चारही हकिकती रचलेल्या, चौकातली कोंडी रचलेली, झेंडा खरा, तारखा खऱ्या असे सरळ लिहिले आहे. हे पान किती जण उघडतील याबद्दल मी साशंक आहे. म्हणूनच जे पानावर लिहून सावरता येईल ते गेममध्ये चालवून घ्यायचे, ही सवलत त्यांना कुठेच दिली नाही.

आता त्यांच्या डोक्यात आहे सोलापूरची गड्डा यात्रा. संक्रांतीच्या सुमारास भरते, म्हणजे हुतात्म्यांचा स्मृतिदिनही त्याच आठवड्यात. आकाशपाळणे आणि खाऊच्या गाड्यांच्या गर्दीत एक टेबल, दोन टॅब, येणाऱ्याला पाच मिनिटे. त्या गोंगाटात माळवदावरचा आवाज ऐकू येणार नाही आणि चार हकिकती वाचायला कोणी थांबणार नाही. मी म्हटले, मग चौकीचा भाग तिथे नकोच, कारण एकच हकिकत ऐकून उठलेला माणूस तीच घेऊन घरी जाईल. यावर पाचांचे एकमत झाले आहे. गड्ड्यावरच्या आवृत्तीत झेंडा शिवायचा आणि चौक सांभाळायचा, एवढेच राहील. चौघांची नावे शेवटी येतील की सुरुवातीला, यावर अजून त्यांचे भांडण चालू आहे.